शब्बाथ घरी कसा पाळावा: शुक्रवारच्या दुपारपासून शनिवारच्या तिसऱ्या चांदणीपर्यंत

कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांमध्ये, आमच्या, म्हणजे बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाच्या, पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते, शेजाऱ्यांनी दिलेले होते. ज्यांचा घाणा सोमवारी बंद ते सोमवार तेली आणि ज्यांचा शनिवारी बंद ते शनिवार तेली, इतका तो साधा हिशेब होता. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि आम्ही त्यांचे वंशज, असे आमची परंपरा सांगते. त्या अपघातात धर्मग्रंथ बुडाले आणि पुढच्या पिढ्यांत हिब्रू भाषाही विसरली गेली. उरले ते मोजकेच: आठव्या दिवशीची सुंता, पंख आणि खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम, ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथ या साप्ताहिक विसाव्याच्या दिवशी, न फिरणारा घाणा.

मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, अलिबाग इथे राहणाऱ्या आणि इस्राएलात लोद, अश्दोद, दिमोना अशा गावी स्थायिक होऊनही घरात मराठी बोलणाऱ्या आमच्या तरुण कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. आजीच्या घरी शब्बाथ पाहिला होता, पण तो स्वतःच्या घरात कसा सुरू करावा हे कळत नाही, असे अनेकजण मला सांगतात. शुक्रवारी संध्याकाळी ज्यांना आमच्याकडे जेवायला बोलावले जाते, अशा शेजाऱ्यांनाही यातून समोर काय चालले आहे ते समजेल.

नाव आणि आज्ञा

इस्राएल हे मुळात एका माणसाचे नाव आहे. बायबलमधल्या उत्पत्ति ग्रंथाच्या ३२ व्या अध्यायात याकोब रात्रभर झुंजतो आणि पहाटे त्याला हे नाव मिळते. त्याच्या बारा मुलांच्या वंशजांना बायबल ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरे, असे म्हणते. शलमोनानंतर त्यांचे राज्य दुभंगले. उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी जिंकले आणि दक्षिणेकडचे यहूदाचे राज्य इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यापुढे पडले. ‘यहुदी’ हा शब्द या दुसऱ्या राज्याच्या नावावरून आला. आमच्या लोकांनी मात्र कोकणात जुनेच नाव धरून ठेवले.

आम्ही नेमके कोणत्या शतकात आलो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. या प्रश्नाने आमच्या माणसांना मनस्तापही दिला आहे: इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, त्यावर आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. त्या लढ्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण ओळखीचा प्रश्न निघाला की मला निर्गम ३१:१६ आठवते: ‘वेशामेरू वेने यिस्राएल एथ हश्शब्बाथ’, इस्राएलच्या लेकरांनी शब्बाथ पाळावा. (‘बेने’चा उच्चार इथे ‘वेने’ होतो, शब्द तोच.) ज्या नावाने कोकणात आम्ही स्वतःला ओळखत आलो, ते नाव या आज्ञेत कर्त्याच्या जागी आहे आणि त्याचे क्रियापद ‘पाळणे’ हे आहे. शेजाऱ्यांनी आम्हांला घाण्यावरून ओळखले, तेव्हा त्यांना हे वचन ठाऊक नव्हते, आणि बहुधा आमच्या पूर्वजांनाही ते तोंडपाठ नव्हते; तरी दोघांनी मिळून त्याचा अर्थ बरोबर लावला होता.

शब्बाथची दोन कारणे तोरात (मोशेच्या पाच ग्रंथांत; उत्पत्ति, निर्गम, गणना आणि अनुवाद हे त्यांतलेच) दिली आहेत आणि पाळताना ती दोन्ही मनात असावीत. निर्गम २० मध्ये म्हटले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ५ मध्ये कारण वेगळे आहे: तू मिसर देशात दास होतास, हे लक्षात ठेव. म्हणून तिथे मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझ्या वेशीच्या आतला परका, बैल आणि गाढव यांनाही विसावा द्यायला सांगितले आहे. घाण्याला जुंपलेला बैलही त्या यादीत आला.

आधी ठरवा: काय थांबवायचे

‘शनिवारी काम करायचे नाही’ एवढे सांगून भागत नाही, कारण काम कशाला म्हणायचे हाच प्रश्न असतो. मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या (धर्मशिक्षकांच्या) जुन्या नियमसंग्रहात, यासाठी ३९ कामांची यादी दिली आहे. मिसरातून निघाल्यावर रानात देवाच्या उपासनेचा निवासमंडप उभारण्यासाठी जी कामे लागली, ती ही कामे. यादी वाचताना कोणत्याही मराठी घराला ती परकी वाटणार नाही. पहिली अकरा भाकरीची आहेत: पेरणे, नांगरणे, कापणे, पेंढ्या बांधणे, मळणी, उफणणे, निवडणे, दळणे, चाळणे, पीठ मळणे आणि भाजणे. पुढे लोकर आणि विणकाम येते, मग शिकार आणि कातडे, लिहिणे आणि पुसणे, बांधणे आणि पाडणे, विस्तव विझवणे आणि पेटवणे, हातोड्याचा शेवटचा घाव घालून वस्तू पुरी करणे, आणि शेवटी घरातून सार्वजनिक जागेत वस्तू नेणे. पिळून रस किंवा तेल काढणे हे मळणीच्याच पोटात धरले जाते, कारण दोन्हींत आवरणातून आतली वस्तू मोकळी केली जाते. म्हणजे ग्रंथ हाताशी नसतानाही आमच्या पूर्वजांनी जे थांबवले, ते थांबवायलाच हवे होते.

आजच्या घरात याचा अर्थ असा: शुक्रवारी सूर्यास्तानंतर गॅस पेटवायचा नाही, दिव्यांची बटणे दाबायची नाहीत, स्वयंपाक करायचा नाही, लिहायचे नाही, पैशांचा व्यवहार करायचा नाही, गाडी चालवायची नाही, फोन हाताळायचा नाही. जिवाला धोका असेल तर यातला प्रत्येक नियम बाजूला सारावा लागतो. रुग्णवाहिका बोलावणे आणि रुग्णाला गाडीने नेणे हे तेव्हा कर्तव्यच असते. त्यासाठी कोणाची परवानगी विचारत बसू नये.

ज्यांच्या घरी यातले काहीच चालत नव्हते, त्यांनी सगळे एका शुक्रवारी सुरू करू नये, असे माझे मत आहे. पहिल्या महिन्यात दिवा, किद्दुश (जेवणापूर्वी पेल्यावर म्हणायचा शब्बाथचा आशीर्वाद) आणि एकत्र जेवण एवढेच नेमाने करावे. दुसऱ्या महिन्यात फोन बंद ठेवावा. स्वयंपाक आणि विजेचे नियम त्यानंतर घ्यावेत. झेपेल तितके धरावे, पण धरलेले सोडू नये. काही अडले, तर आपल्या सिनेगॉगमधल्या (प्रार्थनामंदिरातल्या) हजानसाहेबांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, किंवा जाणत्या माणसाला विचारावे.

गुरुवार रात्र आणि शुक्रवार

शब्बाथची खरी मेहनत शुक्रवारी असते. ज्याने आदल्या दिवशी शिजवले, तोच शब्बाथला जेवेल, अशा अर्थाचे तालमूदातले (मिश्नेवरच्या रब्बींच्या चर्चेच्या ग्रंथातले) वचन आहे.

गुरुवारी रात्री किद्दुशच्या सरबतासाठी मनुका भिजत घालाव्यात. कोकणात द्राक्षारस मिळत नसे, म्हणून बेने इस्राएल घरांत काळ्या मनुकांचे सरबत करण्याची रीत पडली आणि द्राक्षाचाच अर्क असल्यामुळे त्यावर द्राक्षारसाचाच आशीर्वाद म्हणता येतो. एक वाटी काळ्या मनुका स्वच्छ धुऊन दोन वाट्या पाण्यात रात्रभर ठेवाव्यात. सकाळी त्या फुगून मऊ होतात आणि पाणी गडद तांबूस होते. मग हाताने चांगल्या कुस्कराव्यात आणि स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून घट्ट पिळून घ्याव्यात. मिक्सरमध्ये बिया भरडल्या की सरबत कडवट होते, म्हणून हातच बरा. साखर घालू नये, पाणीही वाढवू नये. हे पिळणे शुक्रवारीच उरकायचे, कारण शनिवारी पिळणे निषिद्ध आहे.

तांदूळ, डाळ, पालेभाजी शुक्रवारी दुपारीच निवडून ठेवावी. जेवणासाठी माशाचे कालवण आणि भात, किंवा मटण असेल तर त्याला नारळाचे दूध. मांस आणि दूध एकत्र खायचे नाही हा नियम आमच्या स्वयंपाकघरात नारळाने फार सोपा केला आहे. कालवण सूर्यास्तापूर्वी पूर्ण शिजलेले असावे. गरम ठेवायचे असेल तर आधीपासून चालू ठेवलेल्या विजेच्या गरम तव्यावर झाकून ठेवावे. रात्रभर गॅस मंद ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. बंद खोलीत तो धोक्याचा असतो. शनिवारच्या जेवणाला गार चालणारे पदार्थ केले, तर ही चिंताच उरत नाही.

दुपारी चारनंतर एक फेरी घरातून मारावी. फ्रिजमधला दिवा काढून ठेवावा. कोणत्या खोलीतला दिवा रात्रभर राहील आणि कोणता बंद असेल, ते ठरवावे. पंखे चालू करून ठेवावेत. देणेघेणे मिटवावे. अंघोळ करून धुतलेले कपडे घालावेत. टेबलावर पांढरी चादर अंथरून दोन पाव किंवा दोन चपात्या झाकून ठेवाव्यात. रानात शुक्रवारी दुप्पट मान्ना (देवाने दिलेले अन्न) मिळत असे, त्याची आठवण म्हणून त्या दोन असतात.

दिवा

दिवे सूर्यास्तापूर्वी १८ मिनिटे लावण्याचा प्रघात आहे. मुंबई-अलिबागच्या बाजूला नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सव्वासातनंतर, म्हणून घड्याळातली एकच वेळ वर्षभर धरू नये. दर शुक्रवारी पंचांगात किंवा दिनदर्शिकेत सूर्यास्त पाहावा. उशीर झाला तर त्या आठवड्यात दिवा लावू नये. सूर्यास्तानंतर लावलेला दिवा शब्बाथचा मान राखत नाही, तो मोडतो.

दिवे किमान दोन असतात: निर्गमातल्या आज्ञेचा पहिला शब्द ‘जाखोर’, म्हणजे आठवण ठेव, यासाठी एक, अनुवादातल्या ‘शामोर’, म्हणजे पाळ, यासाठी दुसरा. मेणबत्त्या चालतात. माझी आजी काचेच्या पेल्यांत तेलाचे दिवे लावीत असे. पेल्यात निम्म्याहून थोडे जास्त पाणी, वर बोटभर खोबरेल आणि त्यात तरंगती वात. पाण्यातून उजेड खाली उतरे आणि चादरीवर एक थरथरणारे वर्तुळ पडे. मध्यरात्रीनंतर तेल संपले की वात पाण्याला टेकून आपोआप विझे, कोणाला हात लावावा लागत नसे. कोणते तेल चालते याची चर्चा मिश्नेच्या शब्बाथविषयक दुसऱ्या अध्यायात आहे: रब्बी तार्फोन फक्त ऑलिव्हचे तेल मान्य करतात, इतर रब्बी मात्र तिळाच्या तेलासकट बाकीची तेलेही चालतात असे म्हणतात. तेल्यांच्या वंशात जन्मलेल्या माणसाला ते पान वाचताना फार आपुलकी वाटते.

आमच्या घरात आशीर्वाद म्हणून मग दिवा लावतात. काही समाजांत आधी दिवा लावून, डोळे झाकून मग आशीर्वाद म्हणतात. आपल्या घरची रीत असेल ती धरावी. शब्द असे आहेत:

*बारूख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्देशानू बेमिस्वोथाव, वेसिव्वानू लेहद्लीक नेर शेल शब्बाथ.*

अर्थ: हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस; तू आपल्या आज्ञांनी आम्हांला पवित्र केलेस आणि शब्बाथचा दिवा लावण्याची आज्ञा दिलीस. नुसता सराव करताना देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ (ते नाव) म्हणावे. दिवा लागल्यावर घरातल्या माणसांची नावे घेऊन मनातली प्रार्थना मराठीतच करावी. आजी तेव्हा इतक्या हळू बोले की फक्त ओठ हलताना दिसत.

संध्याकाळची प्रार्थना

सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर तिथे जावे. आमचे पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधले. शाअर हाराहामीम, दयेचे द्वार, असे त्याचे नाव आहे. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ आणि पनवेलचे बेथ एल यांनाही दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा मिन्यान लागतो आणि आज पुष्कळ ठिकाणी नववा-दहावा माणूस मिळेपर्यंत थांबावे लागते. म्हणून ज्याला जाता येते त्याने जावेच, त्याच्या एकट्याच्या जाण्याने बाकी नऊ जणांची प्रार्थना पुरी होते.

घरी प्रार्थना करणाऱ्यांनी स्तोत्र २९ पासून सुरुवात करावी आणि मग ‘लेखा दोदी’ गावे. सोळाव्या शतकात साफेद गावी श्लोमो अल्काबेत्स यांनी ते रचले. कडव्यांच्या आद्याक्षरांत त्यांचे नाव गुंफलेले आहे. शेवटच्या कडव्याला उठून दरवाजाकडे वळावे आणि शब्बाथचे, घरात येणाऱ्या नवरीसारखे, स्वागत करावे. त्यानंतर स्तोत्र ९२ आणि मग शेमा.

शेमा उजव्या हाताने डोळे झाकून म्हणावा: *शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.* हे इस्राएला ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे. तोराच्या गुंडाळीत या ओळीतल्या पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि शेवटच्या शब्दाचे शेवटचे अक्षर मोठे लिहितात. ती दोन्ही जोडली की ‘एद’, म्हणजे साक्षीदार, असा शब्द होतो. पुढची ‘बारूख शेम’ची ओळ हलक्या आवाजात म्हणून अनुवाद ६:५–९, ११:१३–२१ आणि गणना १५:३७–४१ हे तीन उतारे वाचावेत. हिब्रू येत नसेल तर मराठीत वाचावेत. शेमा समजणाऱ्या भाषेत म्हणता येतो, हे मिश्नेतच सांगितले आहे. आमच्या परंपरेतले धर्मशिक्षक डेव्हिड राहाबी कोकणात आले तेव्हा आमच्या लोकांना प्रार्थनेतली एवढी एकच ओळ येत होती, असे सांगतात. आनंदाच्या, दुःखाच्या, जन्माच्या, मरणाच्या प्रत्येक प्रसंगी ते तीच म्हणत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला बाकी काही जमले नाही, तर हीच ओळ पाठ करावी.

किद्दुश आणि जेवण

जेवणापूर्वी आईवडिलांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. मुलाला ‘देव तुला एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखा करो’, मुलीला ‘सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो’, आणि दोघांनाही गणना ६:२४–२६ मधला याजकांचा आशीर्वाद. वयात आलेली मुले सुरुवातीला लाजतात. तरी हात ठेवावा.

मग सर्वांनी उभे राहावे. किद्दुशच्या पेल्यात किमान ९० मिलिलिटर सरबत काठोकाठ भरून उजव्या हातात धरावे. उत्पत्ति १:३१ च्या शेवटच्या शब्दांपासून २:३ पर्यंतचा भाग म्हणावा, मग द्राक्षफळाचा आशीर्वाद (*बोरे पेरी हाग्गेफेन*) आणि मग शब्बाथ पवित्र करणारा मोठा आशीर्वाद. त्या मोठ्या आशीर्वादात सृष्टी आणि मिसरातून सुटका ही दोन्ही कारणे एकापाठोपाठ येतात. म्हणणाऱ्याने अर्धा पेला प्यावा आणि मग सगळ्यांना द्यावे. हात धुऊन, मध्ये न बोलता, दोन्ही पाव एकत्र उचलून *हामोत्सी लेहेम मिन हाआरेस* हा आशीर्वाद म्हणावा, तुकडा मिठात बुडवून खावा आणि इतरांना वाटावा. पाहुणे असतील तर प्रत्येक टप्प्याचा अर्थ त्यांना मराठीत सांगावा.

जेवणात घाई नसावी. गाणी म्हणावीत, त्या आठवड्याच्या तोरा-पाठातली एखादी गोष्ट मुलांना सांगावी आणि जेवणानंतरची प्रार्थना विसरू नये.

शनिवार

सकाळच्या प्रार्थनेचा गाभा तोराचे वाचन हा आहे. संपूर्ण तोरा ५४ भागांत वाटलेली आहे. दर शब्बाथला सात जणांना वाचनासाठी बोलावतात आणि त्यानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथातला एक उतारा वाचतात. उभ्याने म्हणायच्या अमिदा प्रार्थनेत एरवी १९ आशीर्वाद असतात, शब्बाथला सातच. रोजच्या मागण्या, म्हणजे आरोग्य, उपजीविका, पाऊस, त्या दिवशी गाळतात. बोनस मिळावा, कर्ज फिटावे, हे विचार प्रार्थनेत येऊ लागले की मी या गाळलेल्या आशीर्वादांची आठवण करतो. ‘वेशामेरू’चे वचन सकाळच्या अमिदात आणि दुपारच्या किद्दुशातही येते. त्या ठिकाणी आपल्या समाजाचे नाव उच्चारताना थोडे थांबावे.

दुपारचे जेवण, थोडी झोप, चालणे, वाचन, आजारी माणसाला भेटणे, यांत दिवस जातो. सूर्यास्तापूर्वी तिसरे जेवण असते, ते हलके चालते.

हवदाला

आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात त्या दिसत नाहीत, तेव्हा सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तास धरावा.

हवदालासाठी, म्हणजे शब्बाथ संपवण्याच्या विधीसाठी, सरबताचा पेला, लवंग-दालचिनीची डबी आणि दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धरून केलेली एक ज्योत लागते. क्रम ठरलेला आहे: सरबत, सुगंध, विस्तव आणि शेवटी पवित्र व सामान्य दिवस वेगळे करणाऱ्या देवाचा आशीर्वाद. डबी प्रत्येकाच्या नाकाशी न्यावी. शब्बाथ सरताना मन उदास होते, त्याला या वासाने धीर मिळावा. विस्तवाच्या आशीर्वादावेळी बोटे वळवून ज्योतीपुढे धरावी आणि नखांवर उजेड कसा पडतो, तळहातावर सावली कशी पडते, ते पाहावे. लहान मुलांना हे फार आवडते, त्यांना जवळ उभे करावे.

मग ‘एलियाहू हान्नाबी’ (एलिया संदेष्टा) हे गाणे गावे. कोकणातल्या आमच्या घरांत या संदेष्ट्यावर मोठी श्रद्धा आहे, मलिद्याचे ताटही त्याच्याच नावाने मांडतात. गाणे संपले की पेल्यातले उरलेले सरबत बशीत ओतून त्यात ज्योत विझवावी, एकमेकांना ‘शावुआ तोव’ (आठवडा चांगला जावो) म्हणावे आणि स्वयंपाकघरातला दिवा लावून भांडी घासायला घ्यावीत.